महामार्गात सापडलेला मँझनिटा

ऑक्टोबर २००९ मधली गोष्ट. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सोनोमा परगण्यात हवामानबदलावरची एक परिषद आटोपून डॅनियल ग्लूझनकँप हे वनस्पतींचे जाणकार गाडीने शहराकडे परतत होते. गोल्डन गेट पूल ओलांडला की तेव्हा डॉयल ड्राइव्ह नावाचा रस्ता लागायचा. १९३६ साली बांधलेला हा रस्ता मोठ्या भूकंपात टिकणार नाही, म्हणून तो पाडून नवा बांधायचं ठरलं होतं. त्या कामासाठी कडेची झाडं नुकतीच तोडली होती आणि त्यांच्या फांद्यांचा भुसा करून तिथेच पसरला होता. दोन्ही बाजूंना भरधाव गाड्या आणि मधे मातीची एक चिंचोळी पट्टी. भोवतालचा झाडोरा गेल्यामुळे उघडं पडलेलं एक बसकं, गर्द हिरवं झुडूप ग्लूझनकँप यांना त्या पट्टीवर ओझरतं दिसलं.

गाडी थांबवायला जागा नव्हती. पण ज्याने आयुष्य झाडं बघण्यात घालवलंय, त्याला पानांची ठेवण आणि झुडपाचा घाट एका नजरेत कळतो. हा मँझनिटा आहे, एवढं त्यांना कळलं. आणि या ठिकाणी मँझनिटा असायचं काहीच कारण नाही, हेही कळलं. त्यांनी प्रेसिडियोतल्या ओळखीच्या मंडळींना कळवलं. (प्रेसिडियो म्हणजे पुलाच्या दक्षिण टोकाला असलेली जुनी लष्करी छावणी. आता ते राष्ट्रीय उद्यान आहे.) तिथले लोक वाहनांची रहदारी चुकवत त्या पट्टीवर पोहोचले. पुढे सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीतल्या मायकेल व्हेसी आणि टॉम पार्कर या मँझनिटाच्या तज्ज्ञांनी पानं, फांद्या तपासल्या. निदान पक्कं झालं: फ्रान्सिस्कन मँझनिटा, शास्त्रीय नाव आर्क्टोस्टॅफिलॉस फ्रान्सिस्काना. १९४७ नंतर हे झुडूप निसर्गात कुणाच्याही नजरेला पडलं नव्हतं. पुस्तकांमध्ये त्याच्या नावापुढे ‘निसर्गातून नामशेष’ अशी नोंद होती.

गोल्डन गेटवरून रोज सुमारे लाखभर वाहनं जातात. बे एरियात नोकरी करणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला गेलेले मराठी आईवडील हा पूल बघितल्याशिवाय परतत नाहीत. त्यांच्यापैकी ज्यांनी २०१० च्या आधी तो पूल ओलांडून शहरात प्रवेश केला असेल, ते सगळे जगातल्या त्या जातीच्या एकमेव रानटी झुडपाच्या काही फुटांवरून गेले आहेत.

हे झुडूप ज्या कुळातलं आहे ते एरिकेसी कुळ मराठी वाचकाला अगदीच परकं नाही. हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांनी मार्च-एप्रिलमध्ये लालभडक फुललेला बुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, पाहिलेला असतो. त्याचं सरबतही प्यायलेलं असतं. तो याच कुळातला. हल्ली शहरांतल्या फळांच्या दुकानात डब्यांतून मिळणाऱ्या ब्लूबेरी आणि सुकवलेल्या क्रॅनबेरी हेही याच घरचे. आपल्या महाराष्ट्राच्या सह्याद्रीत ऱ्होडोडेंड्रॉन उगवत नाही. त्यासाठी दक्षिणेला निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांपर्यंत जावं लागतं. आम्लधर्मी, निकस माती आणि गार हवा ही या कुळाची साधारण आवड.

मँझनिटाच्या सुमारे साठ जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्या कॅलिफोर्निया आणि त्याच्या लगतच्या पट्ट्यातच सापडतात. एक जात तेवढी उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशांना वळसा घालून युरोप-सैबेरियापर्यंत पसरली आहे. बाकीच्या आपापला डोंगर सोडायला तयार नसतात. एका डोंगरसोंडेवर एक जात, पुढच्या सोंडेवर दुसरी, असा प्रकार. वनस्पतिशास्त्राच्या मराठी परिभाषेत अशा झाडांना ‘प्रदेशनिष्ठ’ म्हणतात. आपल्याकडची शिंदळ माकुडी तशीच: शिवनेरी, सज्जनगड, महाबळेश्वर अशा सह्याद्रीतल्या मोजक्या कड्यांवर ती उगवते, जगात इतरत्र कुठे नाही. फ्रान्सिस्कन मँझनिटाचा प्रदेश याहून लहान. त्याचं सगळं जग एका शहराच्या हद्दीत मावत होतं, आणि तेच त्याच्या मुळावर आलं.

झुडूप जवळून पाहिलं तर त्यात पहिल्या नजरेत भरण्यासारखं काही नाही. उंची जेमतेम कमरेपर्यंत, पसारा जमिनीलगत. पानं दीड-दोन सेंटीमीटर लांब, जाडसर, टोकाकडे थोडी रुंद आणि देठाकडे निमुळती. वर्षभर हिरवी. फांद्यांची साल तांबूस. मात्र जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुबके लटकतात, तेव्हा मांडी ठोकून बसावं आणि एकेक फूल भिंगातून पाहावं. पाकळ्या एकमेकींना जुळून त्यांचं एक इवलंसं मडकं तयार झालेलं असतं. संक्रांतीचं सुगड उपडं टांगावं तसं. लांबी पाच-सात मिलिमीटर, रंग पांढरा, त्यावर गुलाबी झाक. सुगडाचं तोंड खाली आणि इतकं अरुंद, की पावसाचा थेंब आत जात नाही. जानेवारी-फेब्रुवारी हे तिथले पावसाचे दिवस, त्यामुळे ही रचना फार मोलाची.

आत परागकोश असतात, पण ते आपल्या नेहमीच्या फुलांसारखे उकलत नाहीत. त्यांना टोकाशी बारीक भोकं असतात आणि पराग त्यांतूनच बाहेर यावे लागतात. नुसतं बसून हे पराग मिळत नाहीत. त्यासाठी बंबलबी नावाची गुबगुबीत, केसाळ माशी लागते. ती फुलाला खालून लटकते, पंख मिटलेलेच ठेवते आणि उडण्याचे स्नायू मात्र जोरात थरथरवते. एक बारीक गुणगुण ऐकू येते आणि हादऱ्याने पराग भुरभुर तिच्या अंगावर पडतात. मधमाशीला हे तंत्र येत नाही. म्हणजे या झुडपाला बी धरायचं तर जवळपास बंबलबी हव्यात, त्यांना वर्षभर खायला घालणारी इतर रानफुलं हवीत, घरटी करायला पडीक जमीन हवी. नंतर येणारं फळ हरभऱ्याएवढं, तपकिरी-लालसर, आतून पिठूळ. पक्षी, कोल्हे, उंदीर ते खातात. कॅलिफोर्नियातले मूळ रहिवासी निरनिराळ्या मँझनिटांच्या फळांचं पीठ करून ठेवत आणि त्यांपासून आंबटगोड पेयही करत.

आता जमीन. सॅन फ्रान्सिस्को म्हटलं की चढउतारांचे रस्ते आणि त्यावरून जाणारी केबल कार डोळ्यांपुढे येते. त्या टेकड्या महासागराच्या तळाकडून वर ढकलल्या गेलेल्या खडकांच्या आहेत. त्यांपैकी एक सर्पेंटाइन: हिरवट-निळसर, हाताला गुळगुळीत लागणारा दगड. कॅलिफोर्नियाने १९६५ साली त्याला राज्याचा अधिकृत खडक ठरवलं. दिसायला देखणा, पण झाडांना तापदायक. त्याच्या मातीत मॅग्नेशियम भरमसाट, कॅल्शियम अगदी कमी, वर निकेल आणि क्रोमियमसारखे विषारी धातू. सामान्य गवत आणि झाडं तिथे खुरटतात. ज्यांना हे पथ्य साधलं, अशाच मोजक्या वनस्पती तिथे राहतात आणि त्यांना स्पर्धा कमी असते.

त्यात हवामान वेगळं. मे ते सप्टेंबर जवळपास पाऊस नाही. ऐन उन्हाळ्यात पॅसिफिकच्या थंड प्रवाहावरून धुकं उठतं आणि पुलाखालून शहरात शिरतं. गोल्डन गेटचे लाल मनोरे धुक्यातून वर आलेले दिसतात ते याच दिवसांत. पर्यटक स्वेटर शोधतात, पण कोरड्या महिन्यांत मँझनिटासाठी हेच धुकं आधार असतं. त्याने ऊन सौम्य होतं, पानांतून उडून जाणारं पाणी वाचतं आणि फांद्यांवर साचलेले थेंब मातीत ठिबकतात. मायकेल व्हेसी यांनी धुक्याचा पट्टा आणि मँझनिटाच्या जातींची विविधता यांचा संबंध अभ्यासला आहे. किनाऱ्याजवळच्या धुक्याच्या पट्ट्यात या जातींची दाटी का आहे, याचं बरंचसं उत्तर तिथे मिळतं.

या झुडपाला शास्त्रीय नाव दिलं ते १९०५ मध्ये, अ‍ॅलिस ईस्टवूड यांनी. कॅलिफोर्निया अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या वनस्पती विभागाच्या त्या प्रमुख होत्या. त्यांच्याबद्दल चार ओळी जास्त लिहिल्या पाहिजेत, कारण त्या काळात डोंगर पालथे घालून झाडं गोळा करणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. १८ एप्रिल १९०६ च्या पहाटे सॅन फ्रान्सिस्कोला प्रचंड भूकंपाचा धक्का बसला. अ‍ॅकॅडमीची इमारत मार्केट स्ट्रीटवर होती. जिना कोसळला होता आणि शहरात लागलेली आग त्या बाजूला सरकत होती. सत्तेचाळीस वर्षांच्या ईस्टवूड एका मित्राला घेऊन, उरलेल्या लोखंडी कठड्याला धरून, त्याच्या गजांमध्ये पाय रोवत सहाव्या मजल्यावर चढल्या.

एखाद्या जातीचं पहिलं वर्णन ज्या वाळवलेल्या नमुन्यावरून केलं जातं, तो नमुना त्या जातीचा कायमचा पुरावा मानला जातो. असे नमुने ईस्टवूड यांनी त्या काळच्या प्रथेप्रमाणे बाकीच्या संग्रहात मिसळून न टाकता मुद्दाम वेगळे ठेवले होते. त्यामुळे कुठलं कपाट उघडायचं हे शोधत बसावं लागलं नाही. सुमारे दीड हजार नमुने त्यांनी गठ्ठे बांधून दोरीने खाली सोडले. इमारत आगीत गेली. उरलेला संग्रह जळाला. ईस्टवूड यांचं स्वतःचं घरही वाचलं नाही. पुढची कित्येक वर्षं त्यांनी तो संग्रह पुन्हा उभा करण्यात घालवली.

कागदावरचे नमुने आगीतून वाचले, पण जिवंत झुडपावर शहराची कुऱ्हाड चालूच होती. फ्रान्सिस्कन मँझनिटाची नोंद झालेली ठिकाणं मोजकीच होती. त्यांतली दोन चक्क कबरस्तानं: लॉरेल हिल आणि मेसॉनिक. यात नवल नाही. शहर वाढत गेलं तशी प्रत्येक टेकडी घरांनी भरली. मृतांसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर घरं बांधायला बंदी होती, तेव्हा मूळची झाडंझुडपं तिथेच उरली. आपल्याकडच्या देवरायांनी झाडं राखली ती श्रद्धेच्या बळावर. इथे थडग्यांच्या आडोशाने ती नकळत राखली गेली.

तेही फार काळ नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोने शहराच्या हद्दीत दफनाला मनाई केली. जमिनीचे भाव चढत होते. पुढे जुनी कबरस्तानं उठवून मृतांचे अवशेष दक्षिणेकडच्या कोल्मा या गावी हलवायचा निर्णय झाला. हे काम अनेक वर्षं चाललं. आधी मेसॉनिक गेलं, शेवटी लॉरेल हिल. तिसरं ठिकाण माउंट डेव्हिडसन, शहरातली सगळ्यात उंच टेकडी. तिच्यावर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अ‍ॅडॉल्फ सुट्रो या धनाढ्य गृहस्थांनी ऑस्ट्रेलियातून आलेल्या युकॅलिप्टसची लागवड केली होती. उघड्या उन्हात वाढणाऱ्या बसक्या झुडपाला त्या दाट सावलीत जगणं अशक्य. झाडं लावली म्हणजे निसर्गाचं भलंच झालं, असं समजणाऱ्या प्रत्येकाने ही टेकडी एकदा चढून यावी.

१९४७ मध्ये लॉरेल हिलवर बुलडोझर फिरले. बर्कलीच्या टेकड्यांवरच्या टिल्डन उद्यानातल्या वनस्पती उद्यानाचे संस्थापक जेम्स रूफ आणि रानफुलांच्या लेखिका लेस्टर राउन्ट्री यांच्यासारख्या काही लोकांनी यंत्रं पोहोचायच्या आत तिथली झुडपं मुळांसकट उपटून, पोत्यांत भरून नेली. त्यांतली काही टिल्डनमध्ये लावली. पुढे त्यांच्या फांद्यांपासून आणखी रोपं झाली, इतर उद्यानांत गेली, रोपवाटिकांतून विकलीही गेली. जात मेली नाही, पण निसर्गात तिचं एकही झाड उरलं नाही. त्याच सुमारास, १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला, शहराच्या वाळूच्या टेकड्यांवरचं झेर्सिस ब्लू हे निळं फुलपाखरू शेवटचं दिसलं. तेही याच शहरापुरतं होतं आणि त्याला वाचवायला कुणी पोतं घेऊन गेलं नाही.

प्रेसिडियोत मात्र १९५२ मध्ये एक अजब घटना घडली. पीटर रेव्हन हा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा तिथल्या खडकांत भटकत असताना त्याला एक जमिनीलगत पसरलेला मँझनिटा सापडला. हाही याच शहराचा रहिवासी, फ्रान्सिस्कन मँझनिटाचा सख्खा शेजारी, पण पानं अधिक गोलसर. निसर्गात त्याचंही ते एकच झाड उरलेलं निघालं. त्याला पुढे रेव्हनचंच नाव देण्यात आलं आणि १९७९ मध्ये अमेरिकी सरकारने त्याला संकटग्रस्त जाहीर केलं. तो मुलगा पुढे सेंट लुईसच्या मिझुरी बोटॅनिकल गार्डनचा संचालक आणि जगातला एक मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ झाला. त्या एका झाडाच्या कलमांपासून प्रेसिडियोत बरीच रोपं लावली गेली आहेत. पण कलम म्हणजे त्याच झाडाची प्रत. शंभर प्रती लावल्या तरी आनुवंशिकदृष्ट्या झाड एकच राहतं. या जोडीदार नसलेल्या झुडपाकडे बघून आधीची अनेक दशकं संवर्धकांनी जे धडे गिरवले, ते २००९ मध्ये कामाला आले.

डॉयल ड्राइव्हवरचं झुडूप तिथे पोहोचलं कसं? पुलाचा रस्ता काढताना १९३० च्या दशकात सर्पेंटाइनचा डोंगर कापला गेला. मातीत दडलेलं जुनं बी तेव्हा वर आलं असावं आणि उघड्या खडकावर रुजलं असावं, असा जाणकारांचा तर्क आहे. मँझनिटाचं बी टणक कवचाचं असतं, वर्षानुवर्षं मातीत पडून राहू शकतं. नंतर कडेने लावलेली झाडं आणि तण यांनी ते झाकून टाकलं, आणि तीच झाडं तोडली तेव्हा ते दिसलं. रस्त्यानेच त्याला जागा दिली असेल, आणि रस्त्याचंच काम आता त्याचा जीव घ्यायला निघालं होतं.

नवा रस्ता वळवता येईना. भूकंपाचा धोका खरा होता आणि काम सुरूही झालं होतं. राज्याचं वाहतूक खातं, प्रेसिडियोचं व्यवस्थापन, राष्ट्रीय उद्यान विभाग आणि वन्यजीव खातं यांनी मिळून दोन-तीन महिन्यांत झुडूप हलवण्याची योजना केली. आधी त्याच्या बिया गोळा केल्या. फांद्यांची छाट कलमं करून वेगवेगळ्या वनस्पती उद्यानांकडे पाठवली, म्हणजे स्थलांतरात दगाफटका झाला तरी वंश राहील. मुळांभोवतीची मातीही जपून ठेवली. ती माती का, हे सांगायला हवं. मँझनिटाच्या मुळांशी बुरशीच्या सूक्ष्म तंतूंची घट्ट भागीदारी असते. बुरशी खडकाळ जमिनीतून पाणी आणि क्षार ओढून आणते, झुडूप तिला साखर पुरवतं. बुरशीवाचून ते त्या निकस जमिनीत उभं राहू शकत नाही, म्हणून नेताना तिचं बिऱ्हाडही बरोबर न्यावं लागतं.

२३ जानेवारी २०१० च्या पहाटे, वाहतूक विरळ असताना, क्रेन आली. मुळांभोवती खोल चर खणून मातीचा भलामोठा गड्डा मोकळा केला होता. तो आवळून बांधला होता आणि त्याच्या खालून लोखंडी नळ्या सरकवल्या होत्या. वजन सुमारे दहा टन. हा गड्डा झुडपासकट उचलून सपाट ट्रकवर ठेवला गेला आणि प्रेसिडियोतच, साधारण दीड किलोमीटरवर, आधी तयार करून ठेवलेल्या जागी उतरवला गेला. तिथला हिवाळा म्हणजे पावसाळा, त्यामुळे मुळांना सावरायला काही ओले महिने मिळाले. झुडूप जगलं. पुढच्या वर्षांत त्याला नवी पालवी आली, फुलंही आली.

आणि वादही आला. हलवण्याचा आणि पुढच्या काही वर्षांच्या देखभालीचा मिळून खर्च दोन लाख डॉलरच्या वर गेला, तेव्हा वर्तमानपत्रांतून विचारणा सुरू झाली की एका झुडपावर इतका पैसा कशासाठी? त्यात भर म्हणजे फ्रान्सिस्कन मँझनिटाच्या नावाची रोपं स्थानिक रोपवाटिकांत सोळा-सतरा डॉलरला मिळत होती. मग आणायची विकत आणि लावायची!

प्रश्न गैरवाजवी नाही, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. रोपवाटिकांतली रोपं १९४७ च्या आसपास वाचवलेल्या थोड्याच झुडपांच्या कलमांवरून आलेली आहेत, आणि बागेत दुसऱ्या मँझनिटांच्या शेजारी वाढताना बियांतून संकरही होतो, कारण हे सगळे भाऊबंद आपसात सहज मिसळतात. शिवाय गिऱ्हाइकाला आवडेल असा घाट आणि फुलोरा पाहून बागेतली रोपं निवडली जातात. डॉयल ड्राइव्हच्या झुडपाची निवड कुणी माळ्याने केलेली नव्हती. निकस खडक, खारा वारा, धुकं आणि गाड्यांचा धूर सोसून ते एकटं टिकलं होतं. त्या जातीच्या मोजक्या उरलेल्या संचिताला हाती लागलेली ती नवी भर होती. आणि ज्या रस्त्यासाठी ते हलवावं लागलं, त्याचा खर्च शंभर कोटी डॉलरच्या आसपास होता. म्हणजे दर पाच हजार डॉलरमागे एक डॉलर. एखादं शहर स्वतःच्या सोयीसाठी एका जातीचं सगळं घर घेतं, तेव्हा एवढी भरपाई जास्त नव्हे, कमीच म्हणावी लागेल.

टीकाकारांच्या म्हणण्यातली एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. नुसतं झुडूप वाचवून जात वाचत नाही. फ्रान्सिस्कन मँझनिटाच्या बाबतीत हे पदोपदी जाणवतं.

पहिली अडचण जोडीदाराची. मँझनिटांना दुसऱ्या झाडाचे पराग मिळाले तर चांगलं बी धरतं. एकट्या झाडाचं भवितव्य धूसर असतं. त्यामुळे रानटी झुडपाच्या कलमांबरोबरच लॉरेल हिलच्या वंशातली, उद्यानांत जपलेली रोपं त्याच्या शेजारी आणणं भाग आहे, आणि ती अस्सल आहेत की संकरित, हे आधी तपासून घेणंही. १९४७ च्या सुमारास पोत्यात भरून नेलेली ती झुडपं आता अशी उपयोगी पडत आहेत.

दुसरी अडचण आगीची. काही मँझनिटांच्या बुंध्याशी लाकडाची गाठ असते. वणव्यात वरचा भाग जळाला की त्या गाठीतून नवे धुमारे फुटतात. फ्रान्सिस्कन मँझनिटाला तशी गाठ नाही. आगीत ते मरतं आणि पुढची पिढी मातीतल्या बियांतून येते. त्या बियांना उठवायला आगीची धग किंवा धुरातली रसायनं लागतात. उंदीर-खारी फळं नेऊन जमिनीत पुरून ठेवतात. विसरलेला साठा थोडा खोल असतो, तिथे धग पोहोचते पण बी भाजून मरत नाही. टॉम पार्कर यांनी उंदरांच्या या कामगिरीचा विशेष अभ्यास केला आहे. आता लाखो लोकांच्या शहरात, गोल्डन गेटच्या तोंडाशी, वणवा कोण लावू देणार? मग हे काम रोपवाटिकेत माणसाला करावं लागतं.

तिसरी अडचण सगळ्यात घातकी आहे. फायटॉप्थोरा नावाचा मुळं कुजवणारा सूक्ष्मजीव कुंड्यांच्या मातीतून आणि चिखलाच्या बुटांतून पसरतो. कॅलिफोर्नियात त्याने अनेक मँझनिटा मारले आहेत. म्हणजे प्रेमापोटी रोपवाटिकेतून आणलेलं रोपच रोग घेऊन येऊ शकतं. म्हणून कुंड्या, माती, अवजारं, बुटांचे तळवे, सगळ्यांची स्वच्छता कसोशीने पाळावी लागते. मूळ झुडपाची जागा जाहीर केलेली नाही, त्याचंही हे एक कारण. बघायला येणारी माणसं मुळांभोवतीची जमीन तुडवतील, फांदी मोडून नेतील आणि बुटांबरोबर रोगही आणतील.

कायद्याचं संरक्षण यायला वेळ लागला. पर्यावरण संघटनांनी अर्ज केले, पाठपुरावा केला आणि सप्टेंबर २०१२ मध्ये फ्रान्सिस्कन मँझनिटाला संकटग्रस्त जातींच्या यादीत स्थान मिळालं. पुढच्या वर्षी, डिसेंबर २०१३ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोतली सुमारे २३० एकर जमीन त्याच्यासाठी महत्त्वाचा अधिवास म्हणून जाहीर झाली. हे या कहाणीतलं सर्वांत मोठं पाऊल. झुडपासाठी क्रेन आणणं अवघड असलं तरी ते एका पहाटेचं काम. प्रेसिडियोतल्या आणि शहराच्या बागांमधल्या खडकाळ टेकड्यांचे तुकडे एका बसक्या झुडपासाठी राखून ठेवायचे, तिथलं परकं गवत आणि तण वर्षानुवर्षं काढत राहायचं, सावली धरणारी झाडं वाढू द्यायची नाहीत, हे त्याहून कितीतरी कष्टाचं. स्थानिक लोकांनाही ते सहज पटत नाही. फिरायला येणाऱ्यांना सावली हवी असते, कुत्र्यांना पळायला मोकळी जागा हवी असते, आणि उघड्या दगडांची टेकडी अनेकांना ओसाडच वाटते. कोकणातल्या सड्यांकडे ‘पडीक’ म्हणून पाहणाऱ्या आपल्या सरकारी नोंदी आठवाव्यात. पावसाळ्याचे चार महिने त्या कातळावर काय फुलतं, हे त्या नोंदींत कुठेच नसतं.

प्रेसिडियोत आता मूळ झुडपाच्या कलमांपासून वाढवलेली रोपं सर्पेंटाइनच्या जमिनीत लावली जात आहेत. त्याच परिसरात एप्रिल २०२४ मध्ये, नामशेष झालेल्या झेर्सिस ब्लूच्या जागी, त्याचं जवळचं नातलग असलेलं सिल्व्हरी ब्लू हे फुलपाखरू सोडण्यात आलं. फुलपाखराच्या बाबतीत मूळ जात परत आणणं शक्य नव्हतं. मँझनिटाच्या बाबतीत ते अजून शक्य आहे. कलमं वाढवणं जमलेलं आहे. आता पाहायचं ते हे, की या रोपांना परस्परांचे पराग मिळून चांगलं बी धरतं का आणि ते बी कुणी हात न लावता खडकात रुजतं का. मँझनिटा सावकाश वाढतो, म्हणून हे कळायला काही दशकं लागतील.

ज्यांना हे झुडूप डोळ्यांनी पाहायचं आहे त्यांच्यासाठी बर्कलीच्या टेकड्यांवरचं, टिल्डन उद्यानातलं रीजनल पार्क्स बोटॅनिक गार्डन ही योग्य जागा. प्रवेशाला पैसे लागत नाहीत, आणि कॅलिफोर्नियातल्या कित्येक मँझनिटा जाती तिथे एकत्र पाहायला मिळतात. लॉरेल हिलहून वाचवून आणलेल्या झुडपांचा वंश तिथेच जपला आहे. बे एरियाची फेरी जानेवारी ते मार्चमध्ये असेल तर फुलोराही पाहायला मिळतो. भिंग बरोबर न्यावं, आणि आत शिरण्याआधी बुटांच्या तळव्यांना चिकटलेली माती झटकून टाकावी.